आदरार्थी बहुवचन

सोमवारी सकाळी मुद्रितशोधक जेवणाच्या टेबलाशी, संगणकासमोर, श्वास रोखून बसला होता आणि त्याची आई फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या त्याच्या कोपराला लावून उभी होती.

“लघुकोन,” आई म्हणाली. “पासष्ट अंशसुद्धा नसेल. काटकोन हवाय ना? नापास.”

“आई, तुम्ही जरा या बाजूने बघा ना.”

“कुठल्याही बाजूने बघितलं तरी कोन बदलत नाही. आणि मला तुम्ही-बिम्ही म्हणू नकोस. मी काय तुझ्या ऑफिसातली बाई आहे?”

आईने तेहेतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. निरोप समारंभात शाळेने दिलेलं घड्याळ वर्षभरात बंद पडलं, पण शाळेला न विचारता आणलेला गुण्या अजून ठणठणीत होता. निवृत्तीनंतर त्याला घरात काही काम उरलं नव्हतं, त्यामुळे मुलाला काटकोनांची गरज पडली हे कळल्यावर आईचं वय एकदम दहा वर्षांनी कमी झालं.

मुद्रितशोधक म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. आपला हा मुद्रितशोधक नियमपुस्तिका, अर्ज आणि परिपत्रकं छापणाऱ्या एका कंपनीत होता आणि तिथे त्याच्या दोन गोष्टींचा दरारा होता. एक, त्याच्या नजरेतून वेलांटी सुटत नसे. दोन, तो कुणालाही एकवचनात हाक मारत नसे. शिपाई, दूधवाले, स्वतःची बायको, सगळ्यांना अहो-जाहो. एकदा त्याने “गॅलरीत मांजर आल्या आहेत” असं सांगितलं, तेव्हा बायको काठी घेऊन धावली होती. बाहेर एकच मांजर होतं आणि तेही म्हातारं. आपण मात्र त्याला इथे एकवचनातच घेऊ, कारण एवढा आदर या गोष्टीला झेपणार नाही.

तर काटकोनाची भानगड अशी होती. सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरचं छताचं प्लास्टर आस्थापना विभागाच्या कपाटावर कोसळलं. कपाटाने प्राण सोडला आणि एकतीस कर्मचाऱ्यांना संगणकासकट घरी धाडण्यात आलं. आता छत दुरुस्त झालं होतं. पण कंपनी उदार होती. तिने सोळा कलमांचं एक परिपत्रक काढलं. ज्याच्या घरातली संगणकाची जागा शास्त्रशुद्ध असेल, त्याने खुशाल घरून काम करावं. कोपर काटकोनात, गुडघे काटकोनात, पाय जमिनीवर सपाट, पाठीला आधार, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, उजेड बाजूने, वायर पायात येणार नाही अशी. मुद्रितशोधकाकडे गुरुवारी अकरा वाजता तपासनीस येऊन बघणार. जागा नापास झाली, तर सोमवारपासून तिसरा मजला.

तिसऱ्या मजल्याच्या नुसत्या नावाने मुद्रितशोधक दोन्ही कान झाकून घ्यायचा, आणि त्याचा छताशी काही संबंध नव्हता. तिसऱ्या मजल्यावर स्वल्पविराम बसायचा.

स्वल्पविराम हे त्या सहकाऱ्याचं टोपणनाव. त्याचं काम मूळ प्रत मोठ्याने वाचायचं, म्हणजे मुद्रितशोधकाला छापलेल्या मजकुराशी ती ताडून बघता येते. वाचताना विरामचिन्हंही बोलावी लागतात, ते कामातच येतं. पण अकरा वर्षं ते काम केल्यावर त्याला ती बोलल्याशिवाय बोलताच येईना. “चहा घेणार का, प्रश्नचिन्ह.” “आज उकडतंय, स्वल्पविराम, पंखा लावा, उद्गारचिन्ह.” त्याच्या बायकोची तब्येत विचारली तर कंस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेही कळायचं. आणि प्रत्येक स्वल्पविरामाला घसा खाकरायची सवय वेगळीच. अकरा वर्षं हे सगळं मुद्रितशोधकाच्या डाव्या कानापासून दीड हातावर चालू होतं. घरी आल्यापासूनच्या सहा महिन्यांत त्याचा रक्तदाब उतरला होता आणि तो आंघोळ करताना चक्क गुणगुणायला लागला होता.

“इथे मी मशिन चालवते दिवसभर, त्याचा त्रास नाही होत?” बायकोने एकदा विचारलं होतं. ती शिवणकाम करायची. खिडकीजवळ तिचं पायडलवालं मशिन अठरा वर्षं धडधडत होतं.

“मशिन स्वल्पविराम म्हणत नाहीत,” मुद्रितशोधक म्हणाला होता. मशिनलासुद्धा आदर.

आता गंमत अशी की हे सोळा कलमांचं परिपत्रक छापण्याआधी महिनाभर मुद्रितशोधकाकडेच येऊन गेलं होतं. त्याने त्यातल्या एकेचाळीस चुका काढल्या. ‘उंचि’ची वेलांटी दुसरी केली, ‘कोपरं’वरचा अनुस्वार उडवला. अकराव्या कलमात ‘मंजूर झालेल्या जागेवर कर्मचारी बसेल’ असं वाक्य होतं. बसेल! जसा काही कर्मचारी म्हणजे कावळा. मुद्रितशोधकाचं रक्त उसळलं. त्याने लाल शाईने ‘बसेल’ खोडून ‘बसतील’ केलं आणि बाजूच्या समासात लिहिलं, ‘कर्मचाऱ्यांचा उल्लेख आदराने व्हावा.’ आणि समाधानाने चहा प्यायला. परिपत्रकात लिहिलंय काय, असं त्याला त्या वेळी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, तपासतो. हा फरक त्या बिचाऱ्याला फार महागात पडणार होता.

“गुरुवारी तपासनीस येणार आहेत,” त्याने सोमवारी उठल्याउठल्या घरात जाहीर केलं.

“किती?” बायकोने विचारलं.

“एक.”

“मग येणार आहे म्हणा ना! मागे तुमचे साहेब ‘येणार आहेत’ म्हणालात, तर सहा जणांचा स्वयंपाक केला मी. आला एकटा, आणि तोही जेवून.”

तर टेबल. टेबल जेवणाचं असल्यामुळे जेवणाऱ्याच्या सोयीने उंच होतं. त्यावर कीबोर्ड ठेवला की कोपर वर जायचं आणि लघुकोन व्हायचा. टेबल खाली जात नाही म्हटल्यावर माणूस वर जायला हवा, हे आईने कागदावर आकृती काढून सिद्ध केलं. खुर्चीवर सोफ्याच्या दोन गाद्या आल्या आणि त्यांवर आईची उशी. कोपर काटकोनात बसलं. आईने टाळी वाजवली. पण पाय हवेत लोंबकळायला लागले.

“कलम चार, पाय सपाट टेकलेले असावेत,” मुद्रितशोधक वरून म्हणाला.

मग पायांखाली बायकोची बटणांची लाकडी पेटी आली. बायको एका बँडपथकाचे बावीस गणवेश शिवत होती आणि प्रत्येक गणवेशाला चौदा बटणं होती. दर दहा मिनिटांनी ती न बोलता खाली वाकायची, पेटी ओढून घ्यायची, बटणं काढायची आणि पेटी परत सरकवायची. तेवढा वेळ मुद्रितशोधक पाय अधांतरी ठेवून टाइप करायचा. दुपारपर्यंत त्याच्या पोटऱ्या दगड झाल्या.

माणूस वर गेल्यामुळे स्क्रीन खाली राहिली. तिच्याखाली शब्दकोशाचे चार जाडजूड खंड घातले, एकावर एक, क्रमाने. स्क्रीन डोळ्यांसमोर आली खरी, पण शब्दकोश गेला. त्या दिवशी त्याला एका शब्दाची शंका आली. तो शब्द दुसऱ्या खंडात होता. दुसरा खंड काढायचा तर स्क्रीन उतरवायची. आयुष्यात पहिल्यांदा मुद्रितशोधकाने शंका तशीच सोडून दिली. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

मंगळवारी उजेडाचं कलम आलं. खिडकी पाठीमागे होती, त्यामुळे स्क्रीनवर मजकुराऐवजी समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. टेबल फिरवलं. फिरवल्यावर वायर प्लगपर्यंत पोचेना. एक्स्टेंशन लावली तर ती बरोबर पायात आली, आणि ते कलम नऊला मान्य नव्हतं. म्हणून टेबल आणखी सरकवून भिंतीला लावलं. त्या भिंतीत घराचं पुढचं दार होतं.

संध्याकाळी आई भाजी घेऊन आली. दार एवढंसं उघडलं आणि टेबलाला आपटून थांबलं. फटीतून आधी पिशवी आत आली, मग आईचा एक हात, मग चष्मा.

“अरे, दार तीस अंश उघडतंय!” आई बाहेरून ओरडली. “मी काय तीस अंशाची आहे का?”

“आई, तुम्ही तिरक्या होऊन या.”

“तिरकी होऊनच अडकलेय!”

तिला आत घेण्यासाठी मुद्रितशोधकाने गाद्यांवरून खाली उडी मारली. पायाखालची पेटी घसरली, त्याने टेबल धरलं, आणि मानेत काहीतरी ‘कट’ वाजलं. तेव्हापासून त्याची मान उजवीकडे वळेना. कुणी उजवीकडून हाक मारली की तो अख्खाच्या अख्खा वळायचा. आरोग्यदायी बैठक म्हणतात ती हीच.

बुधवारी दुपारी घराची कळा बघण्यासारखी होती. सोफ्याला गाद्या नव्हत्या, आईला उशी नव्हती, पुढच्या दाराने फक्त पत्रं येत होती. मुद्रितशोधक वर बसून लाकडासारखा समोर बघत होता. फक्त बायको आपल्या जागी, खिडकीजवळ, निवांत गणवेश शिवत होती. कोन मोजून मोजून आईचा हात आता थांबत नव्हता. जाता जाता तिने गुण्या सुनेच्या कोपराला लावला.

“काटकोन,” आई पुटपुटली. मग गुडघ्याला लावला. “काटकोन.” मग कंबरेला. “काटकोन! सूनबाई, हलू नकोस. पाय?”

“पायडलवर आहेत. कुठे असणार?”

“सपाट. पाठ खुर्चीला. उजेड डाव्या बाजूने.” आईने गुण्या खाली ठेवला आणि मुलाकडे वळून, जसं ती तेहेतीस वर्षं फळ्यासमोर म्हणायची तसं म्हणाली, “हेच सिद्ध करायचं होतं.”

मुद्रितशोधक अख्खाच्या अख्खा वळला. अठरा वर्षं ही बाई कुठलंही परिपत्रक न वाचता सोळाच्या सोळा कलमं पाळत बसली होती. खुर्ची जरा उंच वाटली म्हणून तिने पूर्वीच सुताराकडून खुर्चीचे पाय दोन बोटं कापून घेतले होते. उंची दोघांची सारखीच होती. मशिनचं डोकं आत पाडून वर फळी टाकली की सपाट टेबल. मुद्रितशोधकाच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो बायकोने लगेच ओळखला.

“नाही,” ती म्हणाली.

“अहो, ऐकून तर घ्या.”

“बावीस गणवेश आहेत माझे. अजून नऊ राहिलेत. परवा द्यायचेत.”

“फक्त गुरुवारी. अकरा ते बारा. तपासनीस गेले की लगेच तुमची जागा तुम्हाला परत.” तो गाद्यांच्या ढिगावरून खाली उतरला. “तुम्हाला माहीत नाही ते कसं असतं. काल मला स्वप्न पडलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणत होते, ‘ओळखलंत का, प्रश्नचिन्ह.’”

बायकोने सुई टोचून ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं. मान आखडलेला, पोटऱ्या सुजलेला, अजूनही दुसऱ्या खंडातल्या शब्दासाठी झुरणारा हा माणूस तिला आवडायचा, हा तिचा जुना दोष होता.

“अकरा ते बारा,” ती म्हणाली. “बारा वाजून एक मिनिटाला मशिनचं डोकं वर.”

गुरुवारी पुढचं दार पूर्ण उघडत होतं. जेवणाचं टेबल आपल्या जागी गेलं, आई उशीवर टेकली. मशिनचं डोकं खाली गेलं, वर फळी, फळीवर कीबोर्ड, कीबोर्डमागे शब्दकोशाचे चार खंड आणि त्यांवर स्क्रीन.

“दोन बोटं उंच होतेय रे,” आई एक डोळा मिटून म्हणाली. “एक खंड काढ.”

“संच फोडत नाहीत, आई.”

अकराला तपासनीस आला. दारातून आत आलं ते आधी त्याचं डोकं. कंबरेला जाडसर पट्टा, मान पुढे, खांदे पडलेले. दिवसाला सात घरं, घरटी सोळा कलमं, आणि ती सगळी उभ्याने, मांडीवर फॉर्म ठेवता येत नाही म्हणून हातावर धरून लिहायची. लोकांची बैठक सुधारता सुधारता त्याची स्वतःची पार वाट लागली होती.

“बसा ना,” बायको म्हणाली.

“नको. बसलो की उठता येत नाही. करा सुरुवात, नेहमीसारखं काम करा,” तपासनीस म्हणाला आणि टेप काढली.

मुद्रितशोधक नेहमीसारखं काम करायला लागला, म्हणजे आयुष्यात कधी बसला नव्हता तसा बसला. कोपर झालं, गुडघे झाले, पाठ झाली. आई गुण्या पाठीमागे लपवून उभी होती आणि प्रत्येक बरोबरच्या खुणेला मान डोलवत होती. आणि मग, घाबरल्यामुळे म्हणा, मुद्रितशोधकाचे पाय थरथरायला लागले. पाय पायडलवर होते. पायडल हललं, खालचं मोठं चाक फिरलं, आणि फळीखालून ‘कुईं-खट, कुईं-खट’ असा आवाज यायला लागला.

तपासनीस थांबला. वाकलेलाच होता, आणखी वाकला. “हे काय आहे?”

चाक तेवढं फिरत होतं.

“पाय हलते राहायला नकोत का?” बायको फणकारली. “दिवसभर एका जागी बसून पायात मुंग्या येतात माणसाच्या.”

तपासनीसाने चाकाकडे बघितलं, मग पायांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी आनंद दिसला. “अठ्ठावीस घरं बघितली मी,” तो म्हणाला. “कुणी खुर्चीखाली विटा घातल्यात, एकाने तर पाय बादलीत ठेवले होते. हा विचार कुणी केला नाही. कलमात नाही, पण शेरा लिहितो.” आणि त्याने लिहिलं.

उरली स्क्रीन. तपासनीसाने डोळ्यांपासून टेप धरली आणि चेहरा पाडला. “वरची कड उंच जातेय. असं कसं चालेल? मान वर करावी लागते. कलम सातला नापास करावं लागेल मला.” त्याने पेन टेकवलं.

मुद्रितशोधकाच्या कानाशी कुणीतरी घसा खाकरल्याचा भास झाला. हात जोडावेत की रडावं, हे ठरवत असताना त्याची नजर तपासनीसाच्या फॉर्मवर गेली, आणि तो सगळं विसरला.

“अहो,” तो म्हणाला, “इथे ‘जागेचे परिक्षण’ लिहिलंय. ‘रि’ची वेलांटी दुसरी हवी. परीक्षण.”

“काय?”

“परीक्षण. दीर्घ.”

बायकोने कपाळाला हात लावला. तपासनीसाचं पेन हवेतच राहिलं. “पंधरा वर्षं हाच फॉर्म भरतोय मी,” तो जरा तापूनच म्हणाला. “आजपर्यंत कुणी काही बोललं नाही. कशावरून दीर्घ? दाखवा बरं.”

दाखवा म्हटल्यावर मुद्रितशोधकाला स्क्रीन दिसेना, तपासनीस दिसेना, तिसरा मजला दिसेना. ‘प’ तिसऱ्या खंडात. त्याने हात घातला आणि तिसरा खंड खेचून काढला. वरची स्क्रीन डुलली, कलली आणि ‘धप्’ करून खाली बसली. आईने तेवढ्यात गुण्या आडवा लावला नसता तर खिडकीतून खालीच गेली असती.

“हे बघा,” मुद्रितशोधक पान उघडून म्हणाला. “परि अधिक ईक्षण.”

तपासनीसाने वाचलं. पुन्हा वाचलं. पंधरा वर्षांची वेलांटी त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत गेली असावी. मग त्याने मुकाट्याने आपल्या फॉर्मवर दुरुस्ती केली, आणि सवयीने परत टेप धरली.

“अरे,” तो म्हणाला. “आता कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली.”

आईने पाठ करून हसू लपवलं. तपासनीसाने कलम सातवर बरोबरची खूण केली, पिशवीतून एक मोठा हिरवा स्टिकर काढला आणि मशिनवरच्या फळीला घट्ट चिकटवला. त्यावर ‘मंजूर’ असं लिहिलेलं होतं. मुद्रितशोधकाने आधी ‘मंजूर’चा ऊकार तपासला. दीर्घ होता. मग त्याचे डोळे भरून आले.

“कलम बारा तुम्हाला माहीतच असेल,” तपासनीस पट्टा आवळत म्हणाला. “मंजूर झालेली जागा हलवता येत नाही. ऑफिसच्या वेळात तर इथून काहीच उचलायचं नाही. अधूनमधून फेरी असते आमची.”

बारा वाजून एक मिनिट झालं. मशिनचं डोकं खालीच होतं. बायकोने राहिलेले नऊ गणवेश उचलले, बटणांची पेटी उचलली आणि शेजारणीच्या मशिनवर बसायला गेली. ती काही बोलली नाही याचीच मुद्रितशोधकाला भीती वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. त्या दुपारी तो शांततेत बसून काम करत होता आणि पायाने चाक फिरवत गुणगुणत होता.

शुक्रवारी आस्थापना विभागातल्या बाईंचा फोन आला.

“अभिनंदन! एकतीस घरांत एकच जागा मंजूर झाली, तुमची. साहेबांनी तर शेरा वाचून दाखवला सगळ्यांना. पायांची सोय वगैरे. बाकी तीसही नापास.”

“अरेरे,” मुद्रितशोधक म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं नाही.

“तर सोमवारपासून कलम अकरा लागू होतंय. तयारी ठेवा.”

“कसली तयारी?”

“बसायची हो. ‘मंजूर झालेल्या जागेवर कर्मचारी बसतील.’ तिसरा मजला भाड्याने द्यायचं चाललंय. जागा मंजूर झालेली एकच आहे, तर कर्मचारी आता तिथेच बसणार ना. आळीपाळीने, एकदम नाही.”

मुद्रितशोधकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. आधीच्या कानावर त्याचा विश्वास बसला नव्हता. “बाई, काहीतरी चुकतंय. कर्मचारी म्हणजे मी! ज्यांची जागा त्यांनीच बसायचं, असा त्याचा अर्थ आहे.”

“मग ‘बसेल’ हवं होतं,” बाई म्हणाल्या. “आम्हालाही तसंच वाटत होतं. मी स्वतः साहेबांना मूळ मसुदा काढून दाखवला. त्यात ‘बसेल’च होतं. पण ते लाल शाईने खोडून ‘बसतील’ केलंय. साहेब म्हणाले, मुद्रितशोधकांनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार, ते कधी चुकत नाहीत. बहुवचन म्हणजे बहुवचन.”

“अहो, ते आदरार्थी होतं!”

“काय होतं?”

“आदरार्थी! आदरार्थी बहुवचन!”

“तसं लिहायला हवं होतं ना मग,” बाई म्हणाल्या. “सोमवारी पहिले तुमच्या ओळखीचेच येतायत. मूळप्रतवाचक. तुम्हाला करमत नसेल म्हणून त्यांनी स्वतःहून नाव दिलं.”

फोन ठेवून मुद्रितशोधकाने सोळा कलमांचं परिपत्रक काढलं आणि पहिल्यांदाच ते वाचलं. तपासलं नाही, वाचलं. चूक एकही नव्हती. सगळं अगदी शुद्ध होतं.

बायको शेवटच्या गणवेशाची बटणं लावत दारात उभी होती. “काय झालं? कोण येणार आहेत?”

“मूळप्रतवाचक येणार आहेत.”

“किती?” बायकोने विचारलं.

अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मुद्रितशोधकाकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बायकोने दोरा दाताने तोडला आणि खिडकीजवळच्या हिरव्या स्टिकरकडे बघितलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “मी एकटीच जागेवरून उठले याचं वाईट वाटत होतं.”

सोमवारी सकाळी नऊला बेल वाजली. पुढचं दार आता चांगलं नव्वद अंशांत उघडत होतं, याचं मुद्रितशोधकाला फार वाईट वाटलं. दारात स्वल्पविराम उभा होता. काखेत कागदांची चळत, चेहऱ्यावर सहा महिन्यांची साठलेली माया.

“ओळखलंत का, प्रश्नचिन्ह,” तो म्हणाला. “आत येऊ का, प्रश्नचिन्ह.”

मुद्रितशोधकाच्या ओठांवर नेहमीचं ‘या, या’ आलं होतं. ते त्याने गिळलं. आयुष्यभर शिपायाला, मांजराला आणि मशिनला दिलेला सगळा आदर त्याने एका जागी गोळा केला आणि सोडून दिला.

“ये,” तो म्हणाला. घरात आईच्या हातातून गुण्या पडला. “एकटाच आहेस ना?”

“सध्या एकटाच आहे, स्वल्पविराम,” पाहुणा म्हणाला आणि त्याने घसा खाकरला.

मुद्रितशोधक पूर्णविरामाची वाट बघत उभा राहिला. पूर्णविराम आला नाही. खालच्या जिन्यात मात्र आणखी काही जणांची पावलं वाजत होती, आणि त्यातला कुणीतरी विचारत होता, मजला कितवा म्हणून.